पौषातले जावई

"यंदा सासुरवाडीला पौषात जायचं," दत्तराव भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, आणि सगुणाबाईंच्या हातातली पळी पिठल्यात उभी राहिली. पिठलं जरा घट्टच झालं होतं, त्यामुळे त्यांनी हात काढला तरी पळी उभीच राहिली.

"पौषात?" सगुणाबाई म्हणाल्या. "अवो, पौषात लग्न न्हाई, मुंज न्हाई, कुणी नवं लुगडं बी नेसत न्हाई. पौषात कुठला जावई सासुरवाडीला जातो?"

"कुणी जात न्हाई, मनूनच जायचं."

दत्तराव मानवतच्या पेठेत एका कापड दुकानात कापड मोजायचे. पंधरा वर्षं मीटरपट्टी हातात, त्यामुळे त्यांची सगळी तत्त्वं त्या दुकानाच्या गादीवरच जन्माला आलेली होती.

"आता बघ," त्यांनी उष्टं बोट वर केलं. "लग्नसराईत आमचा मालक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बगत न्हाई. लुगडं अंगावर फेकतो, घे न्हाईतर चालू लाग. तेच गिऱ्हाईक पौषात येऊ दे. गादीवर बसवतो, च्या मागवतो, मनतो पोरगी कितवीत हाय, म्हस दूध किती देते. गिऱ्हाईक तेच, लुगडं तेच. फरक कशाचा? आफसीझनचा."

"माझा बाप काय लुगडी इकत न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या.

"पर जावई चार हायत नं त्याला."

दत्तरावांचं दुखणं हे होतं. त्यांचे सासरे लिंबाजी बोरीजवळच्या शेतातल्या घरात, म्हणजे आखाड्यावर राहायचे. त्यांना चार मुली आणि म्हणून चार जावई. थोरले किशनराव पाथरीला पोलीस हवालदार, दुसरे बन्सीधर सेलूला मास्तर, तिसरे दिनकरराव यांची पिंगळीला पिठाची गिरणी, आणि चौथे दत्तराव. चौथे म्हणजे कायमचे चौथे. यात काही बढती मिळत नसते.

दिवाळीला आणि धोंड्याच्या महिन्यात चौघं एकदम जमत. गेल्या वर्षी श्रावण दोनदा आला तेव्हाही जमले होते. अंघोळीचा बंब पेटला की पहिलं पाणी किशनरावांना कढत, दुसरं बन्सीधरना गरम, तिसरं दिनकररावांना कोमट, आणि दत्तरावांच्या बादलीसोबत फक्त एक वाक्य यायचं: "आता कुठं थंडी हाय?" अनारशांचंही तसंच. किशनरावांच्या ताटात जाळीदार, दत्तरावांच्या ताटात नुसती जाळी.

पण हे सगळं त्यांनी सोसलं असतं. सोसवत नव्हता तो पलंग. लिंबाजींच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेला, नक्षीच्या खांबांचा, वर चार लाकडी कमळं असलेला सागवानी पलंग. त्यावर थोरल्या जावयानं झोपायचं, हा मान. दत्तरावांचं अंथरूण त्याच पलंगाशेजारी खाली जमिनीवर पडायचं. पंधरा वर्षं ते तिथून वर बघत होते. किशनराव रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचे, आणि दत्तरावांना वाटायचं, काय ऐश आहे. झोपेतसुद्धा माणूस कूस बदलतोय, कारण जागा आहे. सकाळी किशनराव कमरेवर हात ठेवून, जरा मागं रेलून, संथ पावलं टाकत अंगणात यायचे. मान मिळालेल्या माणसाची चाल ती.

"एकदा," दत्तराव म्हणाले, "फक्त एकदा मी एकटाच जावई असणार. पैलं पाणी मला. पलंग मला."

त्याचं असं झालं होतं की संक्रांतीनंतर आखाड्यावरून पत्र आलं होतं. पंचफुलानं, म्हणजे त्यांच्या नववीतल्या लेकीनं, ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं: "कापूस बोंडातून गळायलाय, वेचायला बाया मिळंनात, तुझे वडील गाडी भरून परभणीला जातात ते नंबर लावून दोन-दोन दिवस तिकडंच, घर मोकळं मोकळं वाटायलंय." दत्तरावांना त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं.

सगुणाबाईंनी त्या आठवड्यात चार वेळा विरोध केला. पहिल्यांदा साधा, मग जोरात, मग रडून, मग न बोलता. पंचफुलाला शाळेत नुकतंच समप्रमाण शिकवलं होतं. विरोध दुप्पट झाला की बाबांचा निश्चय दुप्पट, विरोध चौपट की निश्चय चौपट. गुरुजींचं मजूर आणि भिंतीचं उदाहरण तिला कळलं नव्हतं, हे मात्र चांगलंच कळलं.

मधेच एकदा सगुणाबाईंनी तिच्याकडून तीन पोस्टकार्डं मागवली. "संक्रांत झाली, तुझ्या मावश्यांना तिळगुळाचं कळवायचं ऱ्हायलं." एरवी मजकूर पंचफुला लिहायची. या वेळी सगुणाबाईंनी स्वतःच लिहिला, एकेक अक्षर कोरत, जिभेचं टोक बाहेर काढून.

"आणि एक," दत्तरावांनी बजावलं, "आखाड्यावर कळवायचं न्हाई. कळवलं की किशनरावाला वास लागतो. हवालदार हाय त्यो."

शुक्रवारी ते निघाले. पंचफुलाची घटक चाचणी बुडाली, त्यामुळे तिचा आफसीझनला पूर्ण पाठिंबा होता.

परभणीहून सुटलेली जिंतूर गाडी निम्मी काय, पाऊणही रिकामी होती. दत्तराव आधी डावीकडच्या खिडकीत बसले, मग उजवीकडच्या, मग पुढच्या, आणि दर वेळी सगुणाबाईंकडं वळून म्हणाले, "बगितलं?" दिवाळीत याच गाडीत ते झरीपर्यंत एका पायावर आले होते, आणि तो पायही कुणाचा होता याची त्यांना खात्री नव्हती.

झरीला येडबा धनगर चढला. खांद्यावर घोंगडी, काखेत दोन करडं. साऱ्या गाडीत बाकडी मोकळी पडलेली, आणि तो नेमका येऊन दत्तरावांना खेटून बसला.

"तिकडं जागा हाय की लय," दत्तराव म्हणाले.

"हाय की. पर एकट्याला करमत न्हाई." येडबानं एक करडू त्यांच्या मांडीवर ठेवलं. "धरा जरा. कुणीकडं निघाले?"

"बोरीला. लिंबाजीमामांच्या आखाड्यावर. धाकला जावई हाव मी."

येडबानं त्यांच्याकडं पाहिलं. मग सगुणाबाईंकडं. मग बाहेर.

"जावई? पौषात?" त्याचा आवाज खाली आला. "काय झालं वो?"

आता पलंगावर झोपायला चाललोय, हे परक्या माणसाला कसं सांगायचं? दत्तरावांनी एक मोठा सुस्कारा सोडला. "काय न्हाई. जरा जाऊन यावं मनलं."

येडबानं पटका काढून मांडीवर ठेवला आणि पुढे बोरीपर्यंत एक शब्द बोलला नाही. नुसता मधूनमधून दत्तरावांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बोरीला उतरल्यावर त्यानं करडं काखेत मारली, त्यांची पिशवी स्वतः उचलली आणि तानुबाईच्या चहाच्या टपरीपर्यंत आणून दिली. तिथं तो तानुबाईच्या कानात काहीतरी बोलला. तानुबाईनं पदर तोंडाला लावला, बिनमागता चहा दिला, आणि दत्तराव खिशात हात घालू लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. अशा येळी घेत नसते मी."

"बगितलं?" चार पावलं पुढे गेल्यावर दत्तराव सगुणाबाईंना म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "सीझन नसला की मानसं किती मायाळू होतात."

आखाडा तीन किलोमीटर. दिवाळीला लिंबाजी जावयांसाठी बैलगाडी पाठवत, आज न कळवता आल्यामुळे पाय होते. धुळीनं पांढरे होऊन ते पोचले तेव्हा सासूबाई नर्मदाबाई नुकत्याच वावरातून आलेल्या, कमरेला कापसानं टम्म फुगलेली ओटी. लेकीला पाहून त्या धावल्या, पण ओटी मधे आल्यामुळे गळाभेट जरा लांबूनच झाली.

"मामा कुठं हायत?" दत्तरावांनी विचारलं.

"परभणीला, कापसाच्या गाडीबरुबर. उद्या येतील. तुमी असे एकाएकी कसे आले, दत्तराव?"

"आलो आपलं. मामी, ते... पलंग बिलंग बरा हाय नं?"

"हाय की," नर्मदाबाई म्हणाल्या आणि माजघराचं दार ढकललं.

माजघरात कापूस होता. कोपऱ्यात कापूस, कोनाड्यात कापूस, थेट आढ्यापर्यंत कापूस. दार उघडल्याबरोबर त्यातला थोडा पायावर आला. डाव्या बाजूला त्या पांढऱ्या डोंगरातून एक लाकडी कमळ तेवढं वर आलं होतं, अख्ख्या बुडालेल्या गावाच्या देवळाच्या कळसासारखं.

"खाली हाय," नर्मदाबाई म्हणाल्या.

दत्तरावांनी कमळाला हात लावून बघितला. मग स्वतःची समजूत घातली की पलंग नाही तर नाही, अंघोळ तरी आहे. बंब पेटला. ते टॉवेल गुंडाळून, कुडकुडत, दगडावर जाऊन बसले. पाण्याला आधण आलं. कढत वाफ अंगावर आली. त्यांनी पहिला तांब्या भरला, डोक्यावर धरला, आणि दारात खाकरल्याचा आवाज आला.

"इकडून चाललो होतो," किशनराव हवालदार म्हणाले. "बंदोबस्त होता. मनलं डोकावून जावं." मागं थोरली भागुबाई दोन पिशव्या आणि डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती. बंदोबस्त बराच दिवसांचा असावा.

दत्तरावांनी तांब्या खाली ठेवला. थोरल्या जावयापुढं पहिलं पाणी अंगावर घेण्याची पद्धत नव्हती. ते दगडावरून उठले, किशनराव बसले.

किशनराव अंग पुसतात तोच बन्सीधर मास्तर आले. इकडच्या शाळेतल्या एका मास्तरांची तब्येत बघायला ते चालले होते, सहकुटुंब. दुसरं पाणी त्यांना गेलं. तिसऱ्या पाण्याला दिनकरराव आले, गिरणीचा पट्टा आणायला. गिरणीचा पट्टा बोरीच्या पुढच्या आखाड्यावर कसा मिळतो हे कुणी विचारलं नाही, कारण ज्यानं त्यानं आपलंच कारण सांभाळून धरलं होतं.

सगळ्यांत आधी पोचलेले दत्तराव दीड तास टॉवेलवर बसून शेवटी चौथ्या पाण्यानं न्हाले. "आता कुठं थंडी हाय?" नर्मदाबाई म्हणाल्या. पंचफुलाला वडिलांचे दात दुसऱ्या खोलीत ऐकू येत होते.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. जावई उठून बघतात तो घरात बाईमाणूस नाही. चुलीपाशी पिठाचा डबा, बेसनाचा डबा, आणि निरोप सांगायला मागं ठेवलेली पंचफुला.

"आई, आजी, मावश्या वावरात गेल्यात. कापूस गळायलाय मने. तुमाला काही काम सांगायचं न्हाई, असं आजीनं बजावलंय. जावयानं कामाला हात लावला तर गाव नावं ठेवील. तुमी नुसतं बसा." एवढं सांगून ती स्वतः ओटी बांधून वावराकडं पळाली.

ते नुसते बसले. आठ वाजेपर्यंत बसले, नऊ वाजेपर्यंत बसले. लांबून वावरातून चार बहिणींचं आणि त्यांच्या आईचं हसू ऐकू येत होतं. साडेनऊला किशनराव म्हणाले, "दिनकरराव, तुमची गिरणी हाय. पिठाचं तुमाला समजतं."

"दळायचं समजतं. फुडचं न्हाई."

"कृती सोपी आहे," बन्सीधर मास्तर म्हणाले, आणि लांब उभं राहून सूचना देऊ लागले. दिनकररावांनी पीठ भिजवलं. ते पातळ झालं म्हणून आणखी पीठ घातलं, घट्ट झालं म्हणून पाणी, असं करत करत परातीत बैलांना पुरेल एवढा गोळा झाला. दत्तरावांनी भाकरी मोजून बरोबर पाऊण फूट केली, पण ती उचलताना तिचे तीन तुकडे झाले. किशनरावांकडं चूल होती. त्यांनी ओली तुराटी खुपसली आणि जोरात फुंकर मारली. धुराचा असा लोट उठला की चौघंही एकदम मागं सरले, खोकले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

नेमकं तेव्हाच दारात तानुबाई उभी राहिली.

तिच्या डोक्यावर भाकरीची दुरडी होती. मागं पाच-सहा बाया, कुणाकडं पिठलं, कुणाकडं वरण. त्यांच्या मागं पंधरा-वीस माणसं खाली मान घालून अंगणात येऊन बसली. काल एक जावई आला तेव्हा तानुबाईनं ठरवलं होतं, कुणीतरी आजारी आहे. दुसरा आला तेव्हा आजार वाढला. तिसरा आणि चौथा आल्यावर काही उरलंच नाही. पहिल्यानं येडबाला आणि पुढच्या तिघांनी तिला, सारखाच सुस्कारा सोडून सारखंच सांगितलं होतं, "काय न्हाई, जरा जाऊन यावं मनलं." आणि लिंबाजी तीन दिवसांत कुणाला दिसले नव्हते.

आता आत चार बाप्ये रडत होते. आणखी काय पुरावा पाहिजे?

"इझवा ती चूल," तानुबाई हळू आवाजात म्हणाली आणि स्वतःच तांब्याभर पाणी ओतलं. "अशा येळी चूल पेटवत नसतेत. आमी आणलंय. दोन घास खा."

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. दुःखाच्या घरी शेजारी भाकरी आणतात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण भुकेल्या माणसाला भाकरी दिसते, तिच्यामागचा विचार दिसत नाही. दत्तरावांना वाटलं, हाच तो आफसीझनचा पाहुणचार. दिवाळीला कधी अख्खं गाव जेवण घेऊन आलं होतं का? त्यांनी ताट ओढलं.

बाहेरची माणसं गप्प बसून होती. अशा घरी विचारायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. फक्त शेजारच्या वावराचे व्यंकटराव वयानं मोठे, त्यामुळे त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"खा, जावईबापू, खा. पोटाला काय कळतंय. लिंबाजी लय दिलदार मानूस होता. माझा नांगर नेला त्याला बारा वर्षं झाली. आणून दिला न्हाई. पर मी मनात काय ठेवलं न्हाई. चार मानसांसमोर सांगतो, त्यो नांगर मी त्याला माफ केला."

किशनरावांचा घास हातात थांबला. "होता मंजे?"

पण उत्तर यायच्या आत बाहेर घुंगरं वाजली. लिंबाजींची रिकामी बैलगाडी आखाड्याच्या वाटेला लागली होती. लिंबाजी खुशीत होते, कापूस चांगला गेला होता. मग त्यांना आपल्या अंगणात बसलेली माणसं दिसली. पटके काढलेले, माना खाली. बाया तोंडाला पदर लावून. आणि घरात जावई. चारही जावई. पौषात.

लिंबाजींच्या हातातून कासरा सुटला. घरात त्यांनी मागं एकच माणूस ठेवलं होतं.

"नर्मदे," असा हंबरडा फोडून ते गाडीतून उतरले नाहीत, पडले. व्यंकटराव सगळ्यांत जवळ होते. त्यांनी धावत जाऊन त्यांना मिठीत घेतलं. "धीर धर, बाबा, धीर धर. ज्याची दोरी सरली त्याला कोण काय करनार? लिंबाजी गेला, पर आपुन..." एवढं बोलून त्यांनी मिठीतल्या माणसाचं तोंड जरा लांब धरून बघितलं.

अंगणातल्या खाली घातलेल्या साऱ्या माना एकदम वर आल्या.

"लिंबाजी," व्यंकटराव म्हणाले, "तू हायस?"

"मी हाय. माझी नर्मदा कुठंय?"

नर्मदाबाई वावरातून येत होत्या. घराकडं गर्दी बघून त्या, चार लेकी आणि एक नात, कमरेला भरलेल्या ओट्या सावरत अशा पळत होत्या की सहा गाठोडी बांधावरून घरंगळत यावीत. लिंबाजींनी त्यांना पाहिलं आणि तिथंच खाली बसून घेतलं. नर्मदाबाई आल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बैल मोकळे सोडून इथं काय बसलाव?"

एवढं ऐकल्यावर लिंबाजींची खात्री पटली की बायको जिवंत आहे.

मग सगळा उलगडा झाला. तो पाच मिनिटं चालला आणि हसणं अर्धा तास. तानुबाई मात्र हसली नाही. "मी काय चुकले?" ती म्हणाली. "चार जावई पौषात सुस्कारे टाकत आले तर कुणी काय समजावं?"

"बरुबर हाय तुझं," लिंबाजी डोळे पुसत म्हणाले. "मग व्यंकटराव, नांगर?"

"नांगर आता परत दे."

"आसं कसं? चार मानसांसमोर माफ केलाय. मेल्यावर दिलेलं जित्यापनी मागत नसतेत."

गाव आलंच होतं आणि भाकरीही होतीच, तेव्हा सगळे जेवले. जेवल्यावर तानुबाई म्हणाली, हात मोकळे आहेत, चला. वेचायला बाया मिळत नव्हत्या तिथं आता बारा-तेरा बाया झाल्या. दुपार कलेपर्यंत वावर वेचून झालं. पुरुषांनी माजघरातला कापूस गाड्यांत भरायला घेतला. जावयांना काम सांगता येत नव्हतं, म्हणून व्यंकटरावांनी त्यांना फक्त गाडीत उभं राहून पाय हलवायला सांगितलं. हे काम नव्हे, असं त्यांनी समजावलं. कापूस तुडवत चौघे साडू दिवस मावळेपर्यंत गाडीत नाचत होते. किशनरावांच्या मिशांना कापूस चिकटून ते एकदम रिटायर झाल्यासारखे दिसू लागले.

आणि माजघरात पलंग वर आला. आधी चार कमळं, मग नक्षीचे खांब, मग आख्खा. दत्तराव पाय हलवायचे थांबले.

"पैला कोण आला होता?" लिंबाजींनी विचारलं.

"दत्तराव," तानुबाईनं साक्ष दिली. "माझ्या टपरीवर च्या पेले. रडवेलं तोंड करून."

"मग आज पलंग दत्तरावांचा."

दत्तरावांनी घाबरत घाबरत किशनरावांकडं पाहिलं. त्यांना वाटलं, हवालदार काहीतरी बोलणार. पण किशनराव फार लवकर, जरा जास्तच लवकर म्हणाले, "झोपा, झोपा. मान हाय तुमचा. आमी पडतो खाली."

रविवारी सकाळी जे झालं ते पंचफुलानं उंबऱ्यात बसून पाहिलं. दत्तराव माजघरातून बाहेर आले ते कमरेवर हात ठेवून, जरा मागं रेलून, संथ पावलं टाकत. अंगणात किशनराव राखुंडीनं दात घासत होते. पंधरा वर्षांत त्यांचा चेहरा इतका टवटवीत कुणी पाहिला नव्हता.

"काय दत्तराव? झोप लागली का?"

"लय."

"मधली फळी..." किशनराव म्हणाले आणि इकडंतिकडं बघून पुढं वाकले. "मधली फळी तुटलेली हाय. बरुबर कमरंखाली."

"तुमाला ठाऊक होतं?"

"आठरा वर्षं झोपायलोय मी त्याच्यावर."

"मग बोलला न्हाई ते?"

"कसं बोलावं? मानाचा पलंग." किशनरावांनी चूळ भरली. "तुमी बोलनार का?"

एवढ्यात लिंबाजी आले आणि त्यांनीही विचारलं, "काय दत्तराव, झोप लागली का?"

"लय, मामा," दत्तराव म्हणाले. किशनरावांनी मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघांचं काहीतरी एकमत झालं.

निघताना नर्मदाबाई चारही लेकींची ओटी भरत होत्या. एकीच्या ओटीत तांदूळ घालता घालता त्या मधेच थांबल्या. "दिवाळीला तुमी चौघी येता, पर चुलीम्होरनं उठत न्हाई. लगीन झाल्यापसून पैल्यांदा माझ्या चारी पोरी एका ओळीनं वेचाय लागल्या, एका बांधावर जेवल्या." मग त्यांनी नाक ओढलं आणि उरलेले तांदूळ पंचफुलाच्या ओच्यात ओतले.

वाटेनं पंचफुला बोटं मोजत होती. तीन पोस्टकार्डं, तीन मावश्या. हे समप्रमाणसुद्धा नव्हतं, साधी बेरीज होती.

"आई," तिनं मागं राहून हळूच विचारलं, "कार्डात तू काय लिहिलं होतंस?"

"तिळगूळ घ्या, गोड बोला."

"अन्?"

सगुणाबाईंनी पुढं कमरेवर हात ठेवून चाललेल्या नवऱ्याकडं पाहिलं. "अन् शुक्रवारी मायकडं यायचंय. मनून नवऱ्याला मना, पौषात जायचंच न्हाई. लय जोर लावून मना."

परतीची गाडी येतानाच्यापेक्षाही रिकामी होती. सगुणाबाई एका खिडकीत बसल्या, पंचफुला दुसऱ्या. कंडक्टर तिकिटं फाडून झाल्यावर दत्तरावांजवळ आला. ते दांडा धरून उभे होते.

"पाव्हणं, बसा की. आख्खी गाडी मोकळी हाय."

"उभंच बरं हाय," दत्तराव म्हणाले.

झरी गेलं, तरी ते उभेच होते. मग ते सगुणाबाईंच्या बाकड्याकडं सरकले. "एक सांगतो. पुन्यांदा काय आपुन पौषात येत न्हाई."

"मी बी तेच मनते," सगुणाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "फुडच्या पौषात तर मुळीच यायचं न्हाई. मी येऊच देनार न्हाई तुमाला."

गाडी एका खड्ड्यातून गेली. दत्तरावांनी कमर धरली, दांडा धरला, आणि त्यांच्या कपाळावर हळूहळू एक आठी चढली.

"कामून?" ते म्हणाले. "कामून यायचं न्हाई?"